कुंकवाखालचा चेहरा

माझं काम बघण्याचं आहे. चाकणला एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग होतात, ते भिंगाखाली धरून कुठे ओरखडा आहे, कुठे केसाएवढा तडा आहे, हे मी शोधते. इतकी वर्षं हेच केल्यावर नजर सुट्टीच्या दिवशीही कामावर असते. हॉटेलातल्या कपाचा टवका मला चहाच्या आधी दिसतो, आणि दिसला की मी बोलते. घरचे म्हणतात, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर. असू दे.

पण ज्या चेहऱ्याकडे मी लहानपणापासून सगळ्यात जास्त वेळ बघत आले, तो मला कधी दिसलाच नव्हता. तो चेहरा माझ्या आईचा.

मी वर्षाची व्हायच्या आत आई गेली. तिचा फोटो एकच. वडील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथवर होते. दसऱ्याला तिथे मशिनींची पूजा व्हायची, कामगार बायकापोरांना घेऊन यायचे आणि मालक फोटोग्राफर बोलवायचा. त्यातल्याच एका दसऱ्याचा हा फोटो. झेंडूच्या माळा घातलेलं लेथ मशीन, पुढे उकिडवे बसलेले पुरुष, त्यांच्यापुढे पोरं, त्या पोरांत शर्टाची कॉलर चावणारा माझा थोरला भाऊ. मागे बायकांची रांग आणि रांगेच्या अगदी टोकाला आई. तिच्या कडेवर मी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एवढी माणसं कोंबलेली, त्यामुळे आईचा चेहरा शेंगदाण्याएवढा.

फोटो आमच्या गावी, चाकणच्या पलीकडे, काका-काकींच्या घरी भिंतीवर असायचा. काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. आई गेल्यावर काकीनेच आम्हा दोघांना वाढवलं. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात, पण या फोटोत बाकीची सगळी जिवंत माणसं होती, त्यांच्या गळ्यात हार कसा घालायचा? काकीने आपली वाट काढली. आई सवाष्ण गेलेली. सणावाराला काकी ओलं कुंकू बोटावर घ्यायची आणि काचेवर नेमकं आईच्या कपाळाशी टेकवायची. बोट मोठं, चेहरा लहान. काचेला त्याच कोपऱ्यात बारीक तडा होता. कुंकू त्यातून हळूहळू आत झिरपलं, भिंतीची ओल लागून फोटो तिथे काचेला चिकटला आणि आईच्या जागी एक लाल डाग उरला. मला कळायला लागलं तेव्हापासून आई म्हणजे तो डाग. काकीला यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही, आणि तिला तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही. तिची माया ही अशी होती.

यंदा दादाने वाकडला फ्लॅट घेतला. रविवारी वास्तुशांत होती, आणि हॉलच्या भिंतीवर आई-वडिलांचे मोठे फोटो लावायचे असं त्याने ठरवलं होतं. वडिलांचं सोपं होतं. त्यांना जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, त्यांचे हवे तितके फोटो आहेत. आईसाठी दादा गावी गेला, फ्रेम खाली उतरवली आणि मोबाईलने फोटो काढला. उतरवताना काचेचा तो जुना तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. दादाने मला हे सांगितलंच नाही.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी. सकाळीच दादाच्या नव्या घरी गेले तर हॉलमध्ये दोन मोठे फोटो भिंतीला टेकवून ठेवलेले. एकात वडील. दुसऱ्यात एक बाई. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, सरळ माझ्याकडे बघणारी. दादा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि रडत होता.

"बघ. आई," तो म्हणाला. "कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला आहे ना, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्याने एआयवर टाकून एचडी करून दिला. डाग गेला बघ सगळा. अशीच होती ती. मला आठवतंय."

मीही खाली बसले. आयुष्यभर वाट बघितली तो चेहरा समोर होता आणि मी चक्क त्याच्या पाया पडले. उठताना नजर आपल्या कामाला लागली. कातडीवर एक खूण नाही, एक छिद्र नाही. आमच्याकडे पॉलिश करून आलेला तुकडाही इतका गुळगुळीत नसतो. मग कान दिसले. एका कानात कुडी होती आणि दुसऱ्या कानात डूल.

"दादा, तू पाठवलेला फोटो दाखव."

त्याने मोबाईल पुढे केला. मी बोटांनी चित्र मोठं करत गेले. आईच्या जागी लाल-तपकिरी चौकोन होते, मोजून काढता येतील इतकेच. नाक नव्हतं, डोळे नव्हते. मूळ फोटोत काही असेल-नसेल ते व्हॉट्सॲपने पाठवताना पिळून काढलं होतं. ज्या चित्रात डोळेच नाहीत त्यातून टपोरे डोळे आले कुठून?

मी काकीला फोन लावला. दादाने तिलाही ते चित्र पाठवलं होतं आणि तिने काहीच कळवलं नव्हतं.

"काकी, खरं सांग. ही आई आहे का?"

पलीकडे मिक्सरचा आवाज बंद झाला.

"पोरी, लई देखनी बाई हाय ती," काकी म्हणाली. "पर ती न्हवं. तुज्या दादाला लई आनंद झाला व्हता म्हनून मी काय बोल्ले न्हाई."

"मग जुना फोटो नीट गुंडाळून ठेव. मी आत्ता येते."

"आता कुठला फोटो? काच फुटली न्हवं का. फुटल्या काचंतली मेल्याली मानसं घरात ठेवत न्हाईत, त्यात तुमची वास्तुशांत. तुजं काका घिऊन गेलं की नदीला द्यायला. तुमच्या बापाच्या अस्थी दिल्या तितंच, मोशीच्या घाटावर."

माझा पारा चढला आणि तो सगळा दादावर निघाला. काच फुटली हे लपवलंस, एका मशीनच्या हातात आई दिलीस, आणि आता वर रडतोयस! मी काकांना फोन लावत जिना उतरले. रिंग जात होती, ते उचलत नव्हते. काका मोटरसायकल चालवताना मोबाईल बंडीच्या आतल्या खिशात टाकतात आणि मग जग बुडालं तरी त्यांना ऐकू येत नाही.

स्कूटर काढली. चिंचवडमधून स्पाईन रोडला लागेपर्यंत मी किती जणांना शिव्या दिल्या ते आठवत नाही. डोक्यात एकच हिशोब चालला होता. काका गावातून निघाले असतील, पण त्यांना चाकणच्या चौकातून यायचं होतं. त्या चौकातल्या कंटेनरच्या रांगांमुळे मी रोज शिफ्टला उशिरा पोचते आणि रोज त्या चौकाचा उद्धार करते. त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडून म्हटलं, आज अडव रे बाबा, आज त्यांना तासभर अडव.

घाटावर पोचले तेव्हा काकांची मोटरसायकल वर उभी होती.

नदीत पांढरा फेस तरंगत होता. काका धोतर गुडघ्यावर खोचून पाण्यात उभे होते. आमच्याकडे नदीला काही देताना ते तीनदा बुडवतात आणि तिसऱ्यांदा हात सोडतात. फ्रेम गुंडाळून आणलेलं लाल फडकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि फ्रेम हातात, फ्रेममधून पाणी गळत होतं. मी पायऱ्यांवरून ओरडले, "काका, थांबा!" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकले. सुरू केलेलं काम मध्येच सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. फ्रेम दुसऱ्यांदा पाण्याखाली गेली.

आईचा फोटो आहे, एकच आहे, असं काही ओरडून उपयोग नव्हता. ते त्यांना माहीतच होतं, म्हणून तर ते इतक्या लांब आले होते. मग मला एकदम सुचलं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "काका, त्यात मी आहे! दादा आहे! जिवंत माणसांना पाण्यात सोडता का?"

काका जागच्या जागी थिजले. फ्रेम पाण्याखालून वर आली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, कॉलर चावणारा पोरगा पाहिला, कडेवरचं बाळ पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आरं देवा," ते म्हणाले. "ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाई. मी निस्तं तिलाच बघत व्हतो."

ते धावत बाहेर आले आणि उपरण्याने काच पुसायला लागले. मी पुन्हा ओरडले. ओल्या पृष्ठभागावर कापड फिरवायचं नाही, एवढं माझ्या कामाने शिकवलंय. फोटो हातात घेतला. कागद भिजून फुगला होता. काचेचे दोन-तीन तुकडे सैल झाले होते, पण डागाच्या जागचा त्रिकोणी तुकडा अजून घट्ट होता. मी तिथूनच थेरगावच्या फोटोवाल्या बाईंना फोन केला. डांगे चौकाजवळ, माझ्याच गल्लीत त्यांचं दुकान आहे, लातूरकडच्या आहेत. काचेवर 'जुने फोटो स्कॅन करून मिळतील' असं लिहिलेलं मी येताजाता वाचलं होतं.

"ओला हाय का अजून? मग वाळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "वाळला की आणखी चिकटतो. ओलाच आणा, आणि आडवा धरा."

काका त्यांची गाडी तिथेच टाकून माझ्या मागे बसले. मांडीवर फ्रेम आडवी, हातात पाण्याची बाटली. सिग्नलला थांबलो की ते देवावर धरतात तशी बारीक धार फोटोवर धरायचे. शेजारच्या रिक्षातली माणसं टकामका बघायची. प्रत्येक गतिरोधकाला मागून आवाज यायचा, "हाय, हाय, नीट हाय."

बाईंनी फोटो पाहिला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "मी खात्री देत नाही."

त्यांनी टेबलावर दिवा लावून वरून कॅमेऱ्याने आधी फोटो आहे तसा टिपून घेतला. मग मला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. दोन वाटा आहेत. हा टिपलेला फोटो घ्या. डाग तसाच राहील, चेहरा त्याखाली आहे की नाही हे कधीच कळणार नाही. किंवा फोटो स्वच्छ पाण्यात ठेवून काच सुटते का बघू. सुटली तर स्कॅन करता येईल. पण फोटोचा रंग कागदावर एका पातळ थरात असतो, काचेबरोबर तो थर निघाला तर चेहराही गेला, मग डागसुद्धा उरणार नाही. "आणि ताई, लवकर सांगा. हा नदीच्या पाण्यात भिजलेला, तसाच ठेवता येत नाही."

मी दादाला फोन केला.

"राहू दे," तो लगेच म्हणाला. "डाग तर डाग. तो तरी आहे. तोही घालवशील तू."

"तुला तर आठवतोय ना तिचा चेहरा?"

त्याने फोन ठेवून दिला. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी तर बुडवायलाच निगालो व्हतो, मला काय इचारतीस?" म्हणजे ठरवायचं माझ्यावरच आलं. मला भयंकर भीती वाटली. आजवर किती तुकडे मी भिंगाखाली बघून बाद केले असतील, त्यातल्या एकाच्याही वेळी मी अडखळले नव्हते.

"ठेवा पाण्यात," मी म्हटलं.

पांढऱ्या ट्रेमध्ये स्वच्छ पाणी. बाईंनी फ्रेम कापून वेगळी केली आणि फोटो काचेसकट पाण्यात सोडला. सैल तुकडे आधी निघाले, वडिलांवरचा, लेथवरचा, पोरांवरचा. त्रिकोणी तुकडा तसाच. त्या तो ओढत नव्हत्या, ट्रेचं एक टोक उचलायच्या आणि खाली ठेवायच्या, म्हणजे पाणी काचेखाली आपणहून शिरेल. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "हात कशाला लावायलाव?" मी हात मांडीखाली दाबून बसले.

मग पाणी लाल व्हायला लागलं.

आधी एक धागा, मग तो पसरला. "हे कुंकू आहे की फोटो?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

काका उठून दाराबाहेर गेले. मी मात्र उठू शकले नाही. त्या लालसर पाण्यात माझी आई विरघळत होती किंवा तिच्यावरचं कुंकू, आणि ते मीच करायला सांगितलं होतं. रडू येत होतं आणि डोळे मिटायची हिंमत होत नव्हती. बाईंनी पाणी बदललं, ट्रे उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. काचेचा तुकडा जरा हलला. मग सरकला. मग एका बाजूने उचलला गेला आणि बाईंनी तो चिमट्याने बाहेर घेतला. काचेला हरभऱ्याच्या सालाएवढा पापुद्रा चिकटून आला होता.

"थोडं गेलं," त्या म्हणाल्या. "किती ते वाळल्यावर कळेल."

फोटो वाळेपर्यंत मी आणि काका बाहेरच्या बाकावर बसून होतो. काकांनी चहा मागवला, दोघांनीही तो प्यायला नाही.

नंतर बाईंनी तो स्कॅनरवर पालथा ठेवला. इंचाला जास्तीत जास्त ठिपके घेते, म्हणजे मोठा करताना चौकोन दिसणार नाहीत, असं त्या सांगत होत्या. पण कागदावर जे नाही ते ठिपके वाढवून येणार नाही, हेही त्यांनी बजावलं. दिवा सावकाश सरकत गेला. पडद्यावर आधी लेथ आली, झेंडू आले, बायकांची रांग आली. त्यांनी टोकाचा भाग मोठा केला.

कपाळाच्या जागी पांढरा ठिपका होता. कपाळ काचेबरोबर गेलं होतं. त्याच्या खाली सावळा, उभट चेहरा, गालाचं हाड वर आलेलं, नाकात चमकी, ओठ किंचित उघडे. आणि डोळे दिसतच नव्हते, कारण ते खाली होते. रांगेतल्या बाकी सगळ्या बायका कॅमेऱ्याकडे बघत होत्या. आईची मान कडेवरच्या बाळाकडे झुकलेली होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी मोठ्याने रडले. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि "हीच ती, हीच," एवढंच म्हणत राहिले.

"कपाळ भरून देऊ का?" बाईंनी विचारलं. "वर कुंकू पण काढता येतं."

"नको. जे आहे तेवढंच द्या."

तेवढं म्हणजे फार नव्हतं. चेहरा तळहाताएवढा झाला की पुढे नुसते दाणे दिसत होते, त्यामुळे फोटो लहानच छापावा लागला. रविवारी दादाच्या हॉलमध्ये वडील मोठे आणि आई त्यांच्या शेजारी लहानशी, असं ते विजोड दिसत होतं. येणारे पाहुणे वडिलांना दारातूनच नमस्कार करायचे, आईसाठी त्यांना भिंतीपर्यंत जावं लागायचं. ते मोठं चित्र दादाने स्वतःच काढून ठेवलं होतं. होम सुरू व्हायच्या आधी तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मला काहीच आठवत नव्हतं गं. कुणाला तरी आठवायला पाहिजे, म्हणून म्हणायचो." मला त्याचा फार कळवळा आला. मी त्याचा हात धरला.

तेवढ्यात काकी आली. नवं लुगडं, हातात हळदीकुंकवाची कोयरी. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि चष्मा सावरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "ही ती. तिनंच सांगितलं व्हतं, फोटोवाला वरडून दमला, म्होरं बगा, म्होरं बगा. हिचं ध्यान आपलं पोरीकडं."

मग तिची नजर त्या पांढऱ्या ठिपक्यावर गेली. सवाष्ण गेलेल्या जावेचं कपाळ मोकळं होतं. काकीने कोयरीतलं कुंकू ओलं केलं आणि बोट उचललं, आजवर उचलत आली होती तसंच. नवी काच, नवी फ्रेम, आणि पुन्हा तेच बोट. पुढे होऊन तिला अडवावं म्हणून मी तोंड उघडलं.

बोट काचेपासून वीतभर अंतरावर थांबलं. आई जिकडे बघत होती तिकडे, त्या बाळाकडे काकीने पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे.

"हिकडं ये," ती म्हणाली, आणि ते कुंकू तिने माझ्या कपाळाला लावलं.